हळद कांडायला

लोहाऱ्यातल्या तालमीत बाईनं पाऊल टाकायचं नाही, म्हणून रुद्रम्मा उंबऱ्याबाहेरच थांबली. मागं गल्लीतल्या बाया, खांद्यावर मुसळं घेतलेल्या. शेजारच्या गावात रझाकार येऊन गेल्यापासून त्यांतल्या एकीच्याही डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"वस्ताद, आमाला लाठी शिकवा."

सिद्रामप्पा वस्ताद मिशीत हसले. "आधी वरीसभर घरीच जोरबैठका काढा. अंग कमवा. लाठीचं मग बघू."

उंबऱ्याशी टेकवलेलं थोरलं मुद्गल रुद्रम्मानं एका हातानं उचललं आणि बाजूला ठेवलं. "अंग जात्यावर कवाच कमावलंय. तुमचे पठ्ठे पहाटं घोरत असत्यात तवा."

वस्तादांचं हसू विरलं. "पर लाठ्या कुठनं आणू? जमादारानं समद्या जप्त केल्या. साधी काठी दिसली तरी आत टाकतोय."

"ही मुसळं घेऊन त्याच्या म्होरनंच आलाव. कुठं निघालाव म्हणला. म्हणलं, लगीन हाय, हळद कांडायला."

"अन् कुणाचं लगीन, असं न्हाय इचारलं?"

"इचारलं की," रुद्रम्मानं पदर खोचला. "म्हणलं, तुमालाबी आवतन धाडू."