संपातले बैल

दिवस उगवायला चकलांब्याच्या वेशीबाहेर बायांनी भारतची बैलगाडी अडवली. ऊसतोडीचा भाव वाढवून मिळेपर्यंत कुणी कारखान्यावर जायचं नाही, असं तोडणी मजुरांच्या टोळ्यांनी ठरवलं होतं. रस्त्यावर मधोमध बसली होती तुळजाबाई, भारतची थोरली चुलतबहीण.

गाडीत भांडीकुंडी होती, कोयते होते आणि पदर तोंडावर ओढून बसलेली त्याची बायको छबुबाई. ती कुणाकडं बघत नव्हती.

तुळजाबाईनं त्याला समजावून सांगितलं. आज एक गाडी गेली तर उद्या दहा जातील, मग बोलणी करायलाही कुणी यायचं नाही. कारखाना सहकारी आहे, पण त्या सहकारात तोडणारा कुठंच नाही. भारतला हे ठाऊक होतं. संपाच्या सभेत पहिला हात त्यानंच वर केला होता.

त्यानं वाद घातला नाही. खाली उतरून बैलाच्या पाठीवर हात ठेवला. बरगड्या हाताला लागत होत्या. दुष्काळाचं हे दुसरं वर्ष, गावात चाऱ्याची काडी नव्हती. कारखान्यावर गेलं की निदान वाढं तरी मिळणार होतं, तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे.

"मानसाला संप कळतो, आक्का," तो म्हणाला. "बैलाला कुनी सांगावं?"

बायांतल्या एकीनं मान खाली घातली; तिचा बैल मागच्याच आठवड्यात गेला होता. तुळजाबाई उठली आणि गावाकडं चालू लागली. सगळ्यांना वाटलं, हरली. भारतलाही तसंच वाटलं, पण त्याला हायसं वाटलं नाही. रस्ता मोकळा असूनही त्यानं गाडी हाकली नाही.

ती परत आली तेव्हा डोक्यावर कडब्याचं ओझं होतं. धुरकटलेला, जुना कडबा. छबुबाईनं पदर मागं सारला.

"छप्पर उचकटलं व्हय वो तुमी?" तिनं हळूच विचारलं.

तुळजाबाईनं पेंढी सोडली. काळी पडलेली ताटं बाजूला काढली, आतली पिवळी बैलांपुढं टाकली. एका बैलानं हुंगून तोंड फिरवलं, परत हुंगलं आणि मग कडाकडा चावायला लागला. दुसऱ्यानंही मान लांबवली. बराच वेळ रस्त्यावर तेवढाच आवाज होता.

"माझं सरलं की हिचं छप्पर हाय," शेजारणीकडं बोट करून तुळजाबाई म्हणाली. शेजारीण नाही म्हणाली नाही.

भारतनं जू सोडलं. छबुबाई उतरून बायांत जाऊन बसली.

आठवड्याच्या आत निरोप आला, भाव वाढवून मिळाला. गावात कुणी गुलाल उधळला नाही. त्या दुपारी बाया-माणसं नुसती गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या एकदमच निघाल्या. तुळजाबाईनं सवयीनं दाराला कुलूप घातलं, ओढून बघितलं, मग वर उघड्या आढ्याकडं नजर गेली आणि स्वतःशीच हसत सुटली.

"कावून हसती, आक्का?" भारतनं विचारलं.

"काई न्हाई," ती गाडीत चढत म्हणाली. "हाक तू."