आगीच्या प्रसंगाची पाटी

“त्या मिशा कापा हो, वाक्यं अडकतात त्यांत,” मावशी म्हणाली.

फिल्म-दुरुस्तीवाला हसला. सहाव्या वर्षी कान गेलेली मावशी ओठ वाचायची. म्हणून तर तिला बोलावलं होतं. मूकपटाची रिळं टिकली होती, मधल्या मजकुराच्या पाट्या मात्र कुजून गेल्या होत्या. पात्रांचे ओठ वाचून त्या नव्याने लिहायच्या.

खोलीला खिडकी नव्हती. दाराला आतून कुलूप, किल्ली रिळांच्या मालकांच्या खिशात.

“जगात एकच प्रत,” मालक तिच्यासमोर येऊन सावकाश म्हणाले. “असले घोडे-बंदुकांचे मूकपट लोकांनी फिल्मवरच्या चांदीसाठी वितळवले. अहो, ह्यात सगळं खरं! घोडा खरा, पडणं खरं, आग खरी. काढला माझ्या आजोबांनी, नायकही तेच.”

नायिका मावशीची आजी होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. चित्रीकरण संपलं त्या दिवशी आजी कुणाचा तरी हात धरून पळाली, असं घरात म्हणत. मावशीच्या आईने तो टोमणा जन्मभर गिळला. निदान त्या माणसाचं नाव तरी आजीच्या ओठांवर सापडेल, म्हणून मावशी आली होती.

खलनायकाने पिस्तूल रोखलं.

“‘बूट चावतोय,’ म्हणतोय.”

मालकांनी डोक्याला हात लावला. “अहो, शोभेल ते लिहा!”

[ मरायला तयार हो! ]

नायकाने नायिकेकडे प्रेमाने पाहिलं.

“‘मागे उभी राहू नकोस, घोडा लाथ मारतो.’”

[ तुझ्यासाठी मी जग सोडेन. ]

आजी हसत होती. ओठांवर कुणाचंच नाव नव्हतं.

“आता आगीचा प्रसंग,” मालक म्हणाले. “लोक ह्यासाठीच येतात. आजोबांचे डोळे बघा. असं रडणं पुन्हा कुणाला जमलं नाही.”

झोपडी पेटली. खिडकीत आजी. धुरात तिचे ओठ दिसेनात; नुसते तळवे काचेवर आपटत होते.

मावशीला गुदमरल्यासारखं झालं. “दार उघडा जरा.”

“प्रसंग संपू दे.”

नायक कॅमेऱ्याकडे वळला. पडदाभर चेहरा, गालांवर पाणी. ओठ स्वच्छ.

“पुन्हा लावा,” मावशी म्हणाली.

दुरुस्तीवाल्याने तीनदा लावलं.

“‘धीर धर, मी येतोय,’ असंच ना?” मालकांनी विचारलं.

मावशीने दुरुस्तीवाल्याच्या हातातलं पेन घेतलं आणि ही पाटी स्वतः लिहिली.

[ दार कुणी उघडायचं नाही. कॅमेरा चालू ठेवा. ]