देठ खुडणारा हात

साहेबांनी पहिली वही उघडली आणि ते खूश झाले. काय अक्षर! ‘माझे गाव’ या निबंधाखाली त्यांनी लाल शाईने ‘सुंदर’ लिहिलं.

ती वही बारा वर्षांच्या दामिनीची. नंदुरबारच्या या मूकबधिर शाळेत फळ्यावर दिसेल ते ती जसंच्या तसं उतरवायची. म्हणून ‘आमचे गाव तापीकाठी आहे’ याच्या पुढेच ‘शनिवारी पालकसभा, सतरंज्या झटकून ठेवाव्यात’ हेही निबंधात आलं होतं. रोहिणी मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मॅडम स्वतःही बहिऱ्या. तपासणीला आलेल्या साहेबांना वाचायला वेळ कुठला! त्यांनी दामिनीचीच दुसरी वही ओढली.

हिच्यात अक्षर एकही नव्हतं. पानभर छोटे छोटे हात होते, वळलेले, मिटलेले, उघडलेले, आणि मध्ये मध्ये भुवया चढवलेले चेहरे.

“ही चित्रकला कशाला?”

मॅडमनी त्यांचे ओठ वाचून कागदावर लिहिलं, ‘चित्रं नाहीत. आमची खुणांची भाषा आहे, लिहिलेली. मुलं यात मनातलं लिहितात.’

“आणि शाळेबाहेर हे वाचणार कोण?”

उत्तराची वाट न बघता त्यांनी शेरा लिहिला आणि मोठ्याने वाचलाही, “हातांची चित्रे काढणे बंद करावे. पालक सहमत.” मग दाराशी बसलेल्या जसोदाबाईकडे, दामिनीच्या आईकडे, त्यांनी शाईचा पॅड सरकवला. “या बाई. इथे अंगठा द्या.”

जसोदाबाई उठली. मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडून तिची बोटं सोललेली होती. तिने पॅडला हात लावला नाही. दुसरी वही उचलली.

“मी वाचस.”

“तुम्हाला वाचता येतं?”

“अक्षर नही येत. हात वळखस. पोर ऐतवारे घर येस, तवय शिकाडस.”

पानावरचा एकेक हात ती आधी स्वतःच्या हाताने करू लागली, मग बोलू लागली. “आई मिरच्या खुडस. तिना हात आग करतस. म्हनीसन माले जवळ लेत नही.” पुढचं वाचणं तिला जड गेलं. “माले वाटे, आई मन्हावर रागे भरेल शे.”

दाराशी उभी दामिनी आईच्या हातांकडे एकटक बघत होती.

“बारा वरीस पोरना मनमा हाई व्हतं, साहेब. माले ह्या वहीनी सांगं.”

साहेब खाकरले. “ते ठीक आहे. पण शेरा लिहून झालाय. अंगठा तेवढा...”

जसोदाबाईने पॅड बाजूला सारला आणि त्यांच्याच हातातलं लाल पेन घेतलं. ‘पालक सहमत’च्या खाली, अंगठ्याच्या जागी, जीभ दातात धरून, सावकाश दोन हात काढले. एक उघडा पंजा, आडवा धरलेला. दुसरा चिमटीत देठ खुडणारा. दामिनी आईला याच खुणेने हाक मारते.

“हे काय लिहिलंत?”

जसोदाबाईने पेन परत दिलं.

“वाचता नही येस का? बसा खाले. मन्ही पोर शिकाडी दी.”