दर रांगेला दोन खुर्च्या जास्त

"चाळीस," भूषण म्हणाला.

इंदिराबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पहिल्या रांगेत वीस खुर्च्या, मागच्या प्रत्येक रांगेत दोन जास्त, तर दहाव्या रांगेत किती? दुपारच्या चहापासून हेच चाललं होतं.

"अडतीस रे बाबा, अडतीस! पहिल्या रांगेला कुणी दोन वाढवल्या का? नाही ना? मग वाढ नऊ वेळाच होणार."

"पण रांगा तर दहा आहेत."

"अरे देवा!"

एरंडोलच्या शाळेत इंदिराबाईंनी वर्षानुवर्षं गणित शिकवलं होतं. मेहरूणहून निघायचं, एसटीत उभ्याने वह्या तपासायच्या, तसंच परत यायचं. घरच्यांनी नाद सोडलेली पोरंसुद्धा त्यांच्या हाताखालून पास होऊन गेली. आणि पोटचा पोरगा हा असा. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आणखी कसा असतो?

भूषणला गणिताचं वावडं पहिल्यापासून. त्याचा सगळा जीव मैदानावर. खो-खो म्हटलं की हा गडी तहानभूक विसरायचा.

"मी कुठे मागितलं होतं गणित?" तो कुरकुरला. "हेडसरांनी गळ्यात मारलं."

"मारलं तर मारलं. आता निस्तर."

निस्तरायला वेळ तरी कुठे होता? उद्या सकाळी हेडसर स्वतः दहावीच्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसणार होते. गेल्या आठवड्यात भूषणचं फळ्यावरचं गणित चुकलं आणि आख्खी दहावी फिदीफिदी हसली. त्याच दिवशी हेडसरांनी त्याला ऑफिसात बोलावून सुनावलं होतं, पुन्हा असं झालं तर दहावीचं नाव सोडायचं आणि मुकाट आठवीत जायचं. तेव्हापासून पोरगा धड जेवला नव्हता. इंदिराबाईंना ते दिसत होतं आणि म्हणूनच त्यांचा जीव जास्त जळत होता.

"बरं, खुर्च्या राहू दे," त्या म्हणाल्या. "बिबडे घे. पहिल्या दिवशी मी ज्वारीचे पन्नास बिबडे पापडांसारखे उन्हात वाळत घातले. मग रोज पाच जास्त. सातव्या दिवशी किती?"

भूषण विचारात पडला.

"आई, रोज पाच जास्त कसे घालशील? हात नाही दुखणार? दुसऱ्या दिवशी उलट कमीच होतील."

"माझे हात, माझे बिबडे! तुला काय करायचंय?"

"आणि पाऊस आला तर?"

"हाई काय शे रे?" चिडल्या की इंदिराबाईंच्या तोंडून माहेरची बोली निघायची. "गणितात पाऊस येत नसतो! ऊनच असतं कायम. सांग, किती?"

"पंच्याऐंशी."

"ऐंशी! पुन्हा तेच! मेल्या, पालथ्या घड्यावर पाणी ओततेय मी कधीची!"

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. बट्ट्या तव्यावर विसरल्या होत्या. त्या धावल्या, एका बाजूने काळ्या झालेल्या बट्ट्या खाली काढल्या, आणि परत आल्या तेव्हा भूषण दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता.

त्यांचा राग एकदम ओसरला. एवढासा होता तेव्हा खेळात हरला की असाच बसायचा. त्या जवळ जाऊन टेकल्या.

"भूषण, खो-खोत रांगेत किती गडी बसतात?"

"आठ." उत्तर तोंडातून सुटलंच. "नववा पळतो."

"त्या आठांच्या मधे जागा किती?"

"सात."

"आठ का नाही?"

"आठ कशा असतील? शेवटच्या गड्याच्या पुढे तर..." तो थांबला. त्याने मान वर केली. "थांब. दहा रांगा. मधल्या उड्या नऊ. नऊ दुणे अठरा आणि वीस, अडतीस!"

"आता कसं बोललास!"

"बिबडे ऐंशी!"

"माझं बाळ ते!"

मग गाडी सुसाट सुटली. एकूण खुर्च्या काढताना पहिली रांग शेवटच्या रांगेशी जोडायची, हे त्याने झटकन धरलं. वीस नि अडतीस, अठ्ठावन्न. बावीस नि छत्तीस, पुन्हा अठ्ठावन्न. अशा पाच जोड्या, दोनशे नव्वद. त्याने पुन्हा पुन्हा करून पाहिलं, आणि वरणात करपलेल्या बट्ट्या कुस्करून पोटभर जेवला. इंदिराबाई ताटाकडे बघत बसल्या. त्यांना फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांचं कशात लक्ष लागेना. भाजी निवडायला घेतली आणि देठं ठेवून पानंच टाकून दिली. शाळा सुटायची वेळ झाली तशा त्या फाटकात येऊन उभ्या राहिल्या. भूषणचा पत्ता नव्हता. नक्कीच मैदानावर रेंगाळला असणार, दुसरं काय!

तेवढ्यात समोरच्या मोहनलालजींची रिद्धी सायकलवरून उतरली. पोरगी त्याच दहावीच्या वर्गातली.

"रिद्धी, अगं इकडे ये. आज वर्गात काय झालं? भूषणचं गणित जमलं का?"

"जमलं की, अक्का! खुर्च्यांचं, बिबड्यांचं, फळ्यावर सगळं पटापट. कुणी हसलं नाही. हेडसरांनी तर मागच्या बाकावरून शाबासकी दिली."

इंदिराबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सगळी चिडचिड, सगळा आरडाओरडा कारणी लागला होता.

"मग तू गालातल्या गालात का हसतेस गं?"

"शेवटी तेजसने हात वर केला ना, अक्का. त्याने विचारलं, दर रांगेला खुर्च्या कमी होत गेल्या तर कसं करायचं? तर भूषण सर म्हणाले, 'पोरांनो, ते उद्या शिकवतो. आज आईला विचारून येतो.'"