सकाळची पुडी

सिस्टर प्रेमिलाने गोळी हातात घेतली आणि हिमांशुला जीभ वर करायला सांगितलं. मग थांबून तिने विचारलं, "शेवटची पावडर कधी घेतली होती?"

हिमांशुने मान खाली घातली. उत्तर त्याच्या आईने, शांतीबाईने दिलं. "काल दुपारी. तवापासून काहीच नाई घेतलं यानं. द्या ना बाई लवकर, केशोरीची गाडी सुटून जाईल आमची."

"नीट सांगा. ही गोळी नशा सोडवायलाच आहे. पण पावडर अंगात असताना दिली, तर माणूस तडफडतो. उलट्या, पेटके. मग तो पुन्हा या व्यसनमुक्ती केंद्राची पायरी चढत नाही."

"काल दुपारीच," शांतीबाई म्हणाली.

हिमांशुने तोंड उघडलं.

"आज सकाळी घेतली यायनं," दाराशी उभी असलेली त्याची बायको चंदा म्हणाली. "मीच देली."

शांतीबाई गर्रकन वळली. "काय म्हणून राहिली तू?"

"गाडीत चढूनच नाई राहिले होते. एक पुडी मी लपवून ठेवली होती. ते देली, तवा चढले."

शांतीबाईचा हात उठला. सिस्टर समोर होती म्हणून तो खाली आला.

सिस्टरने गोळी ट्रेमध्ये ठेवली. "बाहेर बसा. नशा उतरून त्रास सुरू झाला, की मला बोलवा. मग गोळी देईन."

केशोरीची गाडी गेली. तिघं बाकावर बसून राहिले. शांतीबाई सुनेकडे पाठ करून बसली होती.

"चंदा, मले जरा बाहेर जाऊ दे," हिमांशु म्हणाला. "आलोच."

चंदाने त्याच्या चपला उचलून मांडीवर घेतल्या.

ऊन उतरलं तसं त्याला जांभयांवर जांभया येऊ लागल्या. डोळ्यांतून, नाकातून पाणी गळू लागलं. गुडघे पोटाशी घेऊन तो कुडकुडायला लागला. हातांवर सरसरून काटा उभा राहिला. शांतीबाईने घाईघाईने आपला पदर त्याच्या अंगावर टाकला.

"झाकू नका, आई," चंदा म्हणाली. "सिस्टरले पाहू द्या."

शांतीबाई पोराच्या हातांकडे पाहत राहिली. मग तिने पदर ओढून घेतला, उठली आणि दारावर थाप मारली.

"या बाई," ती म्हणाली. "पोराले त्रास होऊन राहिला."