पहिली धुलाई

अंबरनाथच्या दवाखान्यात डॉक्टरांनी परवाच्या चित्रणाची सीडी लावली. पडद्यावर यशोधराच्या स्त्रीबीजात शुक्राणू सोडणारी सुई शिरत होती. "चांगलं बीज सुईला अडवतं. हे सैल पडलंय," डॉक्टर म्हणाल्या. "अशा बीजात क्रोमोसोमची वाटणी बहुतेक चुकते. गर्भ तयार झालाय, पण टिकणं कठीण." नवऱ्याने विचारलं, "दिसायला तर बरा आहे ना?" डॉक्टर 'हो' म्हणाल्या. यशोधरा उल्हासनगरला कॅम्प तीनच्या कारखान्यात बारा वर्षं जीन्स शिवत होती. ताण गेलेलं कापड तिला बोटांनीच कळायचं. शेठ तरी ते शिवायला लावायचा. "असलं कापड शिवून होतं," ती नवऱ्याला म्हणाली. "इस्त्रीनंतर छानच दिसतं. पहिल्या धुलाईत उसवतं." आधीचे तिन्ही गर्भ तिसऱ्या महिन्यातच पडले होते. गर्भ पोटात सोडायची वेळ झाली, नर्सने हिरवा गाऊन आणून दिला. यशोधराने सवयीने त्याची शिवण ओढून पाहिली आणि तो अंगात घातला.