माटोळीचा दोर

दोरावरची काळी टेप हाताखालून सरकली आणि सगुणने मूठ घट्ट आवळली.

खाली टाकीत धाकू बेशुद्ध पडला होता. खाणीवरची जुनी पाण्याची टाकी ती, पावसाळाभर झाकलेली. आत हवा कुजलेली. गाळ उपसायला उतरलेला धाकू वर हाक मारायच्या आत कोसळला. त्याला आणायला सिद्धेश उतरत होता. सगुणचा एकुलता एक मुलगा. अंगावर पट्टा, गळ्यात हवेच्या नळीचा मास्क आणि पाठीशी अडकवलेला दोर. टाकीच्या तोंडावर लोखंडी तिकाटणे उभे केले होते. त्याच्या कप्पीवरून चौघे दोर सोडत होते. त्यात पहिला हात सगुणचा, कारण स्टोअर त्याच्याकडे आणि दोरही त्याच्याच ताब्यातला.

दोर चांगलाच होता हो! गोवा घटकराज्य झाले त्या वर्षी आलेला, दोन माणसे सहज पेलणारा. फक्त जीव वाचवायला वापरावा, अशी पाटी होती स्टोअरात. पण ती मराठीत हवी की कोकणीत यावरून कामगारांत अशी जुंपली, की साहेबाने ती शेवटी इंग्रजीत लावली. मग वाचतो कोण!

सगुणला अर्थ ठाऊक होता. पण त्याला हौस होती माटोळीची. चतुर्थीला गणपतीच्या माथ्यावर टांगतात ती फळांची चौकट वाड्यातल्या साऱ्या घरांत भरगच्च आपलीच हवी. नारळांच्या पेंडी, सुपारीचे घोस, तोरिंजने, रानातले काय काय. एवढा भार सुंभाला कसा झेपणार? म्हणून यंदा त्याने गुपचूप हा दोर घरी नेला. फळांवर उंदीर आले आणि दोराचा एक पदर कुरतडून गेले. बायकोने, सुमंगलाने, ते पाहिले मात्र, कपाळाला हात लावला.

"देवाच्या माथ्यार असलो दोर नको हां! आधी टाकून येवा."

देवासाठी सगुणने नवा सुंभ आणला. कंपनीच्या दोराला काळी टेप गुंडाळली आणि तो होता त्याच हुकाला टांगून ठेवला. तपासनीस येतो, हुकाला दोर दिसला की चहा पिऊन जातो. कोणाला काय कळणार आहे!

"थांब!" सगुण ओरडला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले. सिद्धेश टाकीच्या तोंडाशी लोंबकळत होता.

"काय झाला, बाबा?"

सांगितले तर नोकरी गेली आणि वाड्यात तोंड दाखवायची सोय नाही. शिवाय दुसरा दोर नाही, म्हणजे धाकूही गेला.

"काय नाय. सावकाश जा."

सिद्धेशने मास्क चढवला. टेप कप्पीवरून खाली गेली. मग दोघांचा भार घेऊन करकरत वर आली. सगुणने डोळे मिटून ओढले. जन्मात घेतली नव्हती एवढी देवाची नावे त्याने तेवढ्यात घेतली.

दोर टिकला.

धाकूला गाडीत घालून डिचोलीच्या इस्पितळात पाठवले. त्याचा श्वास चालू होता. मॅनेजर गोकुळदासबाब सगुणची पाठ थोपटत म्हणाले, "सामान राखावे तर सगुणने!" सिद्धेश खोकत खोकत हसला. "बाबान हात लावलेलो दोर तो. कितीय वेळा उतरान मी ह्याच्यार."

ते ऐकले आणि सगुण उठला. झुडपे तोडायचा कोयता पडला होता, तो उचलला आणि दोराच्या मधोमध घाव घातला. एक, दोन, तीन. दोराचे दोन तुकडे झाले. का तोडला, हे मात्र बोलला नाही. दोर तुटला की नवा आणावाच लागेल, मग कशाला तोंड उघडायचे? हात दाखवून अवलक्षण! लोक म्हणाले, भीतीने डोके फिरले. कंपनीच्या सुरक्षेच्या सामानाची नासधूस केली म्हणून गोकुळदासबाबांनी त्याला तिथल्या तिथे घरी बसवले.

सगुणला उलट हलके वाटले. नोकरी गेली, पण पोर वाचले. घरी सुमंगला डोळ्यांना पदर लावून बसली होती आणि हा आपला शांतपणे पेजेचा वाडगा घेऊन जेवत होता.

दुसऱ्या दिवशी सिद्धेश कामावरून हसतच घरी आला.

"बाबा, कसलीच काळजी करू नको. मी गोकुळदासबाबांच्या हातापाया पडलंय. दोर वाया गेलो नसात, तर तुका परत घेतो म्हणालेत. म्हणून मीच दोनय तुकडे गाठ मारून जोडलंय. वरसून काळी टेप गुंडाळलंय, तू गुंडाळलेलंस तश्शी. बघितलंय मगे मी."